स्मरण आणि सेरोटोनिन

व्याख्यान संपले की अध्यक्षांच्या टेबलावर श्रोत्यांच्या चिठ्ठ्या जमतात, हा वसंत व्याख्यानमालेचा जुना रिवाज आहे. आमच्या व्याख्यानानंतरही बऱ्याच चिठ्ठ्या आल्या. काहींची उत्तरे तेथल्या तेथे दिली. दोन मात्र आम्ही खिशात घालून घरी आणल्या. पहिली एका वडिलांची होती : "मुलगा बारावीला आहे. पाठ केलेले टिकत नाही. मेंदूतील सेरोटोनिन वाढवणारी एखादी गोळी अगर आहार असल्यास नाव सांगावे." दुसरी थरथरत्या अक्षरातली : "ह्यांना दोन वर्षांपासून विसर पडतो. हल्ली नातवंडांची नावेही आठवत नाहीत. आपण सांगितलेल्या द्रव्याचा काही उपयोग होईल काय?"

पहिल्या चिठ्ठीला एका वाक्यात उत्तर देता आले असते. दुसरीला एका वाक्यात उत्तर देणे निर्दयपणाचे झाले असते. म्हणून हे व्याख्यान ग्रंथासाठी लिहून काढताना या दोन्ही चिठ्ठ्या आम्ही समोर ठेवल्या आहेत. सभेत एका तासात जे घाईने सांगितले ते येथे थोडे सावकाश सांगावयाचे आहे.

सेरोटोनिन हे नाव १९४८ सालचे. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज हे तिघे रक्तदाबाचा अभ्यास करीत होते. रक्त गोठले की जो पिवळसर द्रव सुटून वेगळा होतो त्याला सीरम म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या आकसवणारे काहीतरी असते, एवढे पूर्वीपासून ठाऊक होते. ते काहीतरी त्यांनी गुरांच्या रक्तातून शुद्ध करून काढले. सीरममधले आणि वाहिन्यांचा ताण, म्हणजे टोन, वाढवणारे, म्हणून सेरोटोनिन. मौज अशी की इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामर यांनी त्याच्याही आधी, १९३० नंतरच्या दशकात, आतड्याच्या अस्तरातून एक द्रव्य मिळवून त्याला एंटरॅमाइन असे नाव ठेवले होते. ही दोन्ही द्रव्ये एकच, हे १९५२ मध्ये उघड झाले. तेव्हा आज ज्याला सर्रास 'मेंदूतले रसायन' म्हणतात त्याची पहिली ओळख पोटातून पटली आणि दुसरी रक्तातून. आजही शरीरातील सेरोटोनिनची वाटणी पाहिली तर सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक भाग आतड्यांकडे आहे. मेंदूच्या वाट्याला त्यातला अगदी लहानसा भाग येतो.

तो मेंदूत आहे हे दाखवले बेटी ट्वारॉग या तरुण संशोधिकेने. शिंपल्यातील प्राण्याचा एक चिवट स्नायू सेरोटोनिनने सैल पडतो, असे तिला आढळले होते. इतक्या साध्या प्राण्यात जर हे द्रव्य मज्जातंतूचा निरोप पोहोचवीत असेल, तर वरच्या प्राण्यांच्या मेंदूत ते का नसावे, असा तिचा तर्क. तिने पेज यांच्या प्रयोगशाळेत सस्तन प्राण्यांचे मेंदू तपासले आणि १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : आहे.

या कथेत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे, तो येथेच सांगून टाकतो. सर्पगंधेची मुळी वेड आणि अनिद्रा यांवर आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे शुद्ध द्रव्य निघाले. १९५५ मध्ये अमेरिकेत प्लेचर, शोर आणि ब्रोडी यांनी दाखवले की रेसर्पिन टोचले असता सशाच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रोगी खिन्न होतात, हेही त्याच सुमारास ध्यानात येत होते. मनाच्या अवस्थेचा आणि या द्रव्याचा काही संबंध असावा, या विचाराला जी चालना मिळाली तिच्या मुळाशी अशी ही आपल्या रानातली मुळी आहे. मात्र रेसर्पिन सेरोटोनिनबरोबर डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचेही साठे उपसते. सारे श्रेय किंवा सारा दोष एकट्या सेरोटोनिनच्या पदरात टाकण्याची घाई तेव्हापासूनची आहे.

आता हे द्रव्य मेंदूत बसते कोठे, ते पाहू. १९६४ मध्ये स्वीडनचे डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी मेंदूच्या पातळ कापांना फॉर्माल्डिहाइडची वाफ देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सेरोटोनिन असलेल्या पेशी पिवळ्या चमकू लागल्या. त्या साऱ्या मेंदूच्या देठात, बरोबर मधल्या रेषेवर, पुंजक्यापुंजक्यांनी बसलेल्या होत्या. या पुंजक्यांना 'राफे' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. मेंदूच्या दोन अर्धांची जेथे शिवण घातली आहे तेथे हे टाके. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत असा हिशेब आहे. त्यांत सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी फार तर काही लाख. पण त्या प्रत्येक पेशीचा तंतू हजारो फाटे फोडीत दूरवर जातो, आणि मिळून त्या साऱ्या मेंदूवर एक विरळ जाळे पसरतात.

दोन मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीने फटीत द्रव्य सोडावे, पलीकडच्या पेशीने ते टिपावे, असा निरोपांचा व्यवहार चालतो. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. मेंदूतील बहुतेक झटपट निरोप ग्लूटामेट नावाच्या द्रव्याकरवी जातात. ते काम टपालवाल्याचे : या घरचे पत्र त्या घरी. सेरोटोनिनचे काम टपालवाल्याचे नसून पाटकऱ्याचे आहे. पाटकरी कोणाच्या वाफ्यात काय पेरावे हे सांगत नाही. तो दार उघडून पाटाला पाणी सोडतो. पाणी एकच, पण ऊस ते एका रीतीने पितो आणि हरभरा दुसऱ्या रीतीने. त्याचप्रमाणे सेरोटोनिन टिपणारी ग्राहके चौदा प्रकारची आहेत. एका जातीचे ग्राहक पेशीला चेतवते, दुसऱ्या जातीचे तिला शांत करते. म्हणून "सेरोटोनिन वाढले म्हणजे काय होते?" या प्रश्नाला "कोठे, केव्हा आणि कोणत्या ग्राहकावर?" हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

शिक्षण आणि स्मरण यांत या द्रव्याचा हात कसा आहे, हे अगदी उघड्यावर दिसले ते माणसात नव्हे, एका समुद्री गोगलगाईत. तिचे नाव ॲप्लिसिया. काही लोक तिला समुद्रससा म्हणतात. एरिक कँडेल यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी तिला हाताशी धरले. कँडेल मूळचे व्हिएन्नाचे. नाझी आले, आणि १९३९ मध्ये नऊ वर्षांच्या या मुलाला देश सोडावा लागला. त्या दिवसांच्या आठवणी पुसल्या जात नाहीत, या अनुभवाशी आपली स्मृतिविषयक जिज्ञासा त्यांनी आत्मचरित्रात जोडली आहे. स्मृतीचा शोध घ्यावयास निघालेला माणूस गोगलगाईकडे कसा वळला, म्हणून सहकाऱ्यांना नवल वाटले. कारण सोपे होते. या प्राण्याच्या मज्जापेशी सुमारे वीस हजारच, आणि त्यांतल्या कित्येक इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. कोणती पेशी कोणत्या पेशीशी बोलते याचा नकाशा काढता येतो.

प्रयोग असा. गोगलगाईच्या पाठीवर एक नाजूक कल्ला असतो आणि शेजारी पाणी सोडणारी एक नळी. नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला किंचित आत ओढते. आता तिच्या शेपटीला एक विजेचा झटका द्या. त्यानंतर नळीला तोच हलका स्पर्श केला तरी ती दचकून कल्ला जोराने आत घेते. रात्री घरात चोर येऊन गेला की नंतर मांजराने भांडे पाडले तरी आपण उठून बसतो, तशातला हा प्रकार. एका झटक्याची ही आठवण काही मिनिटे टिकते. मध्ये विसावा देऊन चार-पाच झटके दिले तर एक दिवसाहून अधिक टिकते, आणि असे शिक्षण दिवसेंदिवस चालवले तर आठवडे.

शेपटीला झटका बसतो तेव्हा मधल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात, आणि ते स्पर्शाची वर्दी देणाऱ्या पेशीच्या टोकावर पडते. तेथे पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा एक लहानसा रेणू वाढतो. तो एका विकराला जागे करतो. ते पोटॅशियमची काही दारे बंद करते. परिणामी पेशीचा विद्युत्स्पंद थोडा लांबतो, कॅल्शियम अधिक आत येते, आणि पलीकडच्या, स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जापेशीकडे अधिक द्रव्य सुटते. वर्दी तीच, पण आवाज मोठा. ही झाली काही मिनिटांची आठवण. तिच्यासाठी पेशीला नवे काही बांधावे लागत नाही. असलेल्या यंत्राचीच कळ फिरवली जाते.

पुढचा प्रयोग आम्हाला सर्वांत सुंदर वाटतो. कँडेल यांच्या प्रयोगशाळेने गोगलगाईची एक वर्दी देणारी पेशी आणि एक स्नायूला हुकूम देणारी पेशी, अशा दोनच पेशी काचेच्या बशीत एकमेकींशेजारी वाढवल्या. ना शेपूट, ना झटका. झटक्याच्या जागी सेरोटोनिनचा एक शिडकावा. शिडकावा एकदा केला तर सांधा काही मिनिटे बळकट राहिला. थोड्याथोड्या अंतराने पाच वेळा केला तर एक दिवस उलटून गेल्यावरही बळकट राहिला. ही १९८६ सालची गोष्ट. त्या वेळी बशीत नवी प्रथिने बनू न देणारे औषध टाकले तर मिनिटांची आठवण शाबूत राही, पण दिवसाची बनतच नसे. वारंवार शिडकाव्याने निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत, थेट जनुकांपर्यंत जातो. तेथे क्रेब नावाचे एक प्रथिन जागे होऊन काही जनुके चालू करते. त्यांतून नवी प्रथिने बनतात आणि सांध्याची नवी टोके फुटतात. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी ही टोके मोजली. न शिकलेल्या गोगलगाईत एका वर्दी देणाऱ्या पेशीची सुमारे १३०० टोके. चांगल्या शिकलेलीत सुमारे २७००. आठवण विरल्यावर ती सुमारे १५०० वर उतरत, पण मूळच्या १३०० पर्यंत उतरत नसत. एकदा येत असलेले आणि मग विसरलेले स्तोत्र दुसऱ्यांदा पाठ करावयास पहिल्याइतका वेळ का लागत नाही, याचा हा निदान एक संभाव्य खुलासा आहे.

आणखी एक गोष्ट. पेशीत क्रेबला आवरणारे एक जोडीदार प्रथिनही असते. १९९५ मध्ये त्याला निष्प्रभ करून पाहिले, तेव्हा एकाच शिडकाव्याने दिवसभराची आठवण बनली. म्हणजे विसरणे हा केवळ यंत्राचा दुबळेपणा नाही. दीर्घ स्मृतीच्या दाराशी मुद्दाम एक दारवान बसवलेला आहे, आणि पुनःपुन्हा आलेल्यालाच तो आत सोडतो. दिवसभरात आपल्या कानांवर पडणारे सारेच जर कायमचे कोरले गेले तर आपली काय अवस्था होईल, याचा विचार केला म्हणजे या दारवानाचे उपकार कळतात.

कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. सोबतीला अर्विद कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड होते. वर्तमानपत्रांत तेव्हापासून 'सेरोटोनिन म्हणजे स्मृतीचे रसायन' असे अधूनमधून छापून येते. येथे आम्ही श्रोत्यांना हात जोडून सांगितले होते की गोगलगाईवरून माणसावर एकदम उडी मारू नका. तेच येथे पुन्हा सांगतो. कालची भेट, लग्नातील प्रसंग, गावाचे नाव, असली माणसाची आठवण मेंदूत खोल वसलेल्या हिपोकॅम्पस या भागावाचून बनत नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत एका तरुणाचे फेफरे थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंचा हा भाग काढला गेला, आणि पुढे २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या गृहस्थाला नव्याने भेटलेला माणूस लक्षात राहिला नाही. वैद्यकाच्या इतिहासात तो एच. एम. या आद्याक्षरांनी प्रसिद्ध आहे. या हिपोकॅम्पसमधील सांधे बळकट होण्याचे मुख्य काम ग्लूटामेट करते, आणि 'हे जपून ठेव' अशी खूण करण्याच्या कामात डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचाही मोठा वाटा आहे. पेशीच्या आतली सायक्लिक एएमपी आणि क्रेबची वाट गोगलगाईत, माशीत, उंदरात बरीचशी सारखी निघाली आहे. पण त्या वाटेच्या फाटकावर गोगलगाईत जो एकटा सेरोटोनिन उभा असतो, त्याच्या जागी आपल्यात एक मंडळ बसते आणि सेरोटोनिन त्या मंडळाचा एक सभासद असतो.

मग माणसात त्याचे काम काय, हे कसे पाहावयाचे? माणसाचा मेंदू उघडून शिडकावा करता येत नाही. शास्त्रज्ञांनी एक आडवाट काढली. सेरोटोनिन ज्या कच्च्या मालापासून बनते ते ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही. ते अन्नातूनच यावे लागते. तेव्हा निरोगी स्वयंसेवकांना उपाशीपोटी बाकीच्या अमिनो आम्लांचे पेय पाजतात, फक्त त्यात ट्रिप्टोफॅन घालीत नाहीत. यकृत या आम्लांची प्रथिने बनवू लागते आणि त्यासाठी रक्तात शिल्लक असलेले ट्रिप्टोफॅन खर्ची पडते. पाच-सहा तासांत रक्तातील त्याचे प्रमाण खूप खाली येते आणि मेंदूत नवे सेरोटोनिन बनणे मंदावते. पेय चवीला अगदी वाईट असते असे ऐकतो. शास्त्रासाठी लोक काय काय पितात!

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे विम रीडेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि पुढे इतरांनीही असे प्रयोग केले. या साऱ्यांतून जे चित्र निघते ते असे : शब्दांची यादी वाचून दाखवली आणि लगेच म्हणावयास सांगितली तर बहुधा फारसा फरक दिसत नाही. लक्ष, वेग, मनातल्या मनात आकडे धरून ठेवणे, हेही बहुतेक ठीक. पण मध्ये काही वेळ जाऊ देऊन मग विचारले की ट्रिप्टोफॅन न मिळालेल्यांना थोडे कमी आठवते. ऐकणे बिघडत नाही. ऐकलेले मुरणे बिघडते. लोणचे घातले, पण मुरलेच नाही, असे काहीसे. परिणाम मात्र लहान आहे, सर्वच प्रयोगांत सारखा दिसत नाही, आणि नेहमीचे जेवण घेतले की जातो. या पुराव्यावरून इतकेच म्हणावयास हरकत नाही की आठवण पक्की होण्याच्या कामी सेरोटोनिनचा हातभार आहे. ते कमी पडले म्हणजे काम थोडे अडते. याचा अर्थ ते वाढवले म्हणजे काम वाढते, असा होत नाही. आमटीत मीठ कमी असले तर ती बिघडते. म्हणून दुप्पट घातल्याने सुधारत नाही.

शिक्षणाचे दुसरेही एक अंग आहे, ज्याकडे आपले कमी लक्ष असते. शिकणे म्हणजे नुसते साठवणे नव्हे. जुने सोडणेही शिकावे लागते. केंब्रिज येथे २००४ मध्ये मार्मोसेट जातीच्या लहान माकडांवर झालेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. माकडापुढे दोन चित्रे ठेवीत. एकाला स्पर्श केला की खाऊ मिळे, दुसऱ्याला केला की नाही. माकडे हे शिकली. मग नियम उलटा केला. ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील सेरोटोनिनचे तंतू नष्ट केले होते ती माकडेही पहिला नियम शिकली होती. पण नियम उलटल्यावर ती जुन्याच चित्राला हात लावीत राहिली. खाऊ मिळत नाही हे दिसत असूनही हात तिकडेच. माणसांवरील अशा प्रयोगांचे निकाल अजून इतके स्वच्छ नाहीत. पण आमच्या समजुतीप्रमाणे सेरोटोनिनचे शिक्षणातील खरे स्थान या बाजूला अधिक आहे : पूर्वीचा आडाखा आता चालत नाही, थांब, पुन्हा पाहा, हे मेंदूला पटवण्यात. एखादे गणित चुकीच्या रीतीने पाठ झालेल्या मुलाला बरोबर रीत शिकवताना मास्तरांचा घाम का निघतो, हे ज्याने वर्गात उभे राहून पाहिले आहे त्याला हे काम किती अवघड आहे ते सांगावयास नको.

आता चिठ्ठ्यांकडे वळू. पहिल्या चिठ्ठीतील वडिलांनी आहाराचा प्रश्न विचारला आहे, कारण केळ्यात सेरोटोनिन असते असे त्यांच्या वाचनात आले असावे. असते, ही गोष्ट खरी. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक बांध घातला आहे आणि सेरोटोनिन तो ओलांडू शकत नाही. केळ्यातील सेरोटोनिन पोटाच्या बाजूलाच राहते. मेंदूला आपले सेरोटोनिन घरीच रांधावे लागते, आणि बाहेरून येतो तो फक्त शिधा, म्हणजे ट्रिप्टोफॅन. ते दुधात आहे, डाळीत आहे, शेंगदाण्यात, तिळात आहे. पण बांधाच्या ज्या दारातून ते आत जाते त्याच दारातून आणखी अर्धा डझन अमिनो आम्लांना जावयाचे असते. सकाळी दादर स्टेशनवर लोकलच्या दाराशी जी स्थिती असते तीच तेथे. प्रथिनयुक्त जेवणात ट्रिप्टोफॅन वाढते खरे, पण त्याचे प्रतिस्पर्धी त्याहून अधिक वाढतात; त्यामुळे भरपूर पनीर खाल्ले म्हणून मेंदूत सेरोटोनिन भराभर बनत नाही. मुलगा दोन वेळा वरणभात, भाकरी, उसळ, दूध जेवत असेल तर शिध्याची चिंता करू नये.

राहिली गोळी. सेरोटोनिन पेशीत परत शोषले जाऊ नये अशी व्यवस्था करणारी औषधे आहेत. त्यांतील फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. ती विषाद आणि चिंता यांच्या आजारावरील औषधे आहेत आणि अनेकांना त्यांनी आधार दिला आहे. (विषादाचे कारण नुसती सेरोटोनिनची कमतरता, हे जुने समीकरण मात्र २०२२ मध्ये झालेल्या विस्तृत आढाव्यात पुराव्याने सिद्ध झालेले आढळले नाही. औषध उपयोगी पडणे आणि त्याच्या उपयोगाचे आपण दिलेले कारण बरोबर असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.) निरोगी मुलाचे पाठांतर या गोळ्यांनी सुधारते, असा पुरावा नाही. शिवाय तरुण वयात त्यांच्यावर वैद्याची बारीक नजर असावी लागते, आणि दोन-तीन अशी औषधे एकत्र पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. तेव्हा दुकानातून परस्पर आणून देण्याची ही वस्तू नव्हे.

या वडिलांना देण्यासारखे आमच्यापाशी जे आहे ते गोगलगाईनेच दिले आहे. तिच्या नळीला एका बैठकीत चाळीस वेळा स्पर्श केला, तेव्हा 'हा स्पर्श निरुपद्रवी आहे' हे ती एकच दिवस लक्षात ठेवी. तेच चाळीस स्पर्श रोज दहा याप्रमाणे चार दिवसांत वाटून दिले तर आठवण कित्येक आठवडे टिके. श्रम तितकेच, वाटणी निराळी. माणसांच्या बाबतीत जर्मनीचे एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर अर्थहीन अक्षरांचे प्रयोग करून हीच गोष्ट नोंदवली होती. आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की परवचा म्हणावा लागे : पाढे, पावकी, निमकी, स्तोत्रे. रोज थोडे, रोज तेच. तेव्हा आम्हाला ते जाच वाटे आणि एखाद्या संध्याकाळी पोट दुखल्याचे सोंग करून आम्ही ते चुकवलेही आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉफी पीत सारे पुस्तक उरकणाऱ्या मुलाच्या डोक्यात मध्ये विसावा न देता एकामागून एक शिडकावे चालू असतात. दारवान जागचा हलत नाही. तेव्हा मुलाच्या अभ्यासाचे वेळापत्रक एकदा काढून पाहावे. कोणता धडा पहिल्यांदा केव्हा वाचला आणि पुन्हा केव्हा उघडला, एवढेच पाहावे. बहुधा दुसऱ्या रकान्यात काहीच सापडणार नाही.

दुसऱ्या चिठ्ठीला उत्तर लिहिताना आमची लेखणी अडखळते. स्मृतिभ्रंशाच्या आजारात, विशेषतः अल्झायमरमध्ये, सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी लवकर झिजू लागतात, हे खरे आहे. म्हणूनच या बाजूने उपाय सापडेल अशी मोठी आशा होती. २००८ मध्ये इटलीतील एका प्रयोगात फ्लुओक्सेटिन दिलेल्या प्रौढ उंदरांच्या मेंदूत बालपणीची लवचिकता परतल्यासारखी दिसली. २०११ मध्ये फ्रान्समध्ये पक्षाघाताच्या ११८ रोग्यांवरील चाचणीत या औषधाने हातापायांची हालचाल अधिक सुधारल्याचे आढळले, आणि सर्वत्र उत्साह पसरला. मग ब्रिटनमध्ये ३१२७ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये तिचा निकाल आला. रोग्यांच्या दैनंदिन स्वावलंबनात फरक पडला नव्हता. विषाद कमी झाला होता, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले होते. सेरोटोनिनच्या एका ग्राहकाला अडवणारे आयडॅलोपिर्डिन नावाचे औषध अल्झायमरसाठी तीन चाचण्यांत मिळून २५२५ रोग्यांवर तपासले. २०१८ मध्ये निकाल जाहीर झाला तो निराशेचा. आमच्या आजीबाईंना आम्ही खोटा धीर देऊ इच्छीत नाही. यजमानांची गेलेली नावे परत आणील असे सेरोटोनिनचे औषध आज नाही.

पण चिठ्ठीत एक गोष्ट लिहिलेली नाही, आणि ती आम्ही त्यांना विचारू इच्छितो : ह्यांना डॉक्टरांनी नीट तपासले आहे काय? म्हातारपणचा प्रत्येक विसर अल्झायमरचा नसतो. विषादाने ग्रासलेला वृद्ध माणूस विसराळू दिसतो. घरचे म्हणतात वय झाले, आणि तो खुर्चीत बसून राहतो. त्याच्या विषादावर उपचार झाले, आणि त्यात ही सेरोटोनिनची औषधेही आली, तर कित्येकदा त्याचे लक्ष आणि आठवण बरीच सुधारते. थायरॉइड ग्रंथी मंदावली, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहिल्या, तरीही विसर पडतो. आणि ज्याला ऐकूच नीट येत नाही त्याला नातवंडाने सांगितलेले नाव आठवावे कसे? यांतील काही कारणे साध्या तपासणीने आणि रक्ताच्या चाचणीने कळतात आणि त्यांवर इलाज आहेत. तपासणीत तसे काही न निघाले, तरी पुढे काय येणार आहे ते कळल्याने घराला तयारी करता येते.

चिठ्ठीवर नाव होते, पत्ता नव्हता. व्याख्यानमालेच्या चिटणिसांकडे आम्ही चौकशी केली. बाई रोज पहिल्या रांगेत डावीकडे बसत असत, इतकेच त्यांना सांगता आले. हा ग्रंथ निघाल्यावर त्याची एक प्रत त्यांच्यासाठी बाजूला ठेवावी, अशी आम्ही चिटणिसांना विनंती केली आहे.